आमच्या तालुक्याचं बालगृह: ५ पैकी ३ स्टार, कापलेले २ कुणाचे ते सांगतो

तीन स्टार. मॅपवर बघाल तर याला सगळ्यांनी पाचच्या पाच दिलेत, कारण लोक वाढदिवसाला येतात, केक कापतात, पोरं टाळ्या वाजवतात आणि परत जाताना गाडीतच पाच स्टार टाकून मोकळे होतात. फोटोसकट. फोटोचं पुढं बोलतो. माझं किराणा दुकान आहे, होलसेल रिटेल दोन्ही, आणि या बालगृहाचा सगळा कोरडा माल बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडनं जातो, बहुतेक वेळा उधारीवर, त्यामुळं हा खातेवहीतला रिव्ह्यू समजा. संस्थेचं आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. लहान पोरांची जागा आहे, आणि अधीक्षक सरांना उगाच वरून फोन यायला नको.

मुलग्यांचं बालगृह आहे, ६ ते १८ वयाची पोरं, मान्य संख्या ५०, चालवते संस्था आणि अनुदान सरकारचं. बाहेरचे लोक "अनाथाश्रम कुठंय हो" असं विचारत येतात, रिक्षावाले पण तेच म्हणतात, पण आई-बाप दोन्ही नसलेली पोरं आत थोडीच आहेत. कुणाचा बाप गेलाय आणि आई ऊसतोडीला जाते, कुणाच्या आईनं दुसरं लग्न केलं आणि आजीला आता झेपत नाही, कुणी स्टेशनवर सापडलेलं, कुणी हॉटेलात कपबशा धूत होतं तिथनं सोडवून आणलेलं. आणि संस्थेला आपल्या मनानं कुणाला ठेवून घेता येत नाही बरं का, मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासात बालकल्याण समितीपुढं न्यायचं, समिती आदेश काढणार, मग प्रवेश. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात हे सगळं आहे, संस्थेचं रजिस्ट्रेशन पण सक्तीचं, ते पाच वर्षांनी रिन्यू करायचं, आणि रजिस्ट्रेशन नसताना पोरं ठेवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी एक लाख दंड नाहीतर दोन्ही. म्हणून कुणी कौतुकानं सांगितलं की आमच्याकडं एक बाई अशीच पंचवीस पोरं सांभाळते बघा, तर आधी रजिस्ट्रेशन विचारा, मग कौतुक करा.

आता माझ्या विषयावर येतो, म्हणजे रेशन.

सरांच्या केबिनमध्ये भिंतीवर आहाराचा तक्ता लावलाय, केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांमधला. एका मुलामागं दिवसाला धान्य ६०० ग्रॅम, १६ च्या पुढच्याला ७००, डाळ-कडधान्य १२०, तेल २५, साखर ४०, पालेभाजी १००, बाकी भाजी १३०, दही १००, शिवाय सकाळी दूध, आठवड्यातनं चार दिवस अंडी नाहीतर एकदा चिकन, शाकाहारी असेल तर गूळ-शेंगदाणे किंवा पनीर. तक्ता एक नंबर आहे, आमच्या घरात पोरं एवढं खात नाहीत. मी दुकानदार माणूस, तक्ता दिसला की डोक्यात गुणाकार चालू. ५० पोरं ३० दिवस, धान्य झालं ९०० किलो, डाळ १८० किलो, साखर ६० किलो, तेल साडेसदतीस किलो म्हणजे पंधराचे अडीच डबे. माझ्या होलसेल भावानं धान्य ३६ हजार, डाळी २३-२४ हजार, तेल-साखर आठ-साडेआठ हजार. भाजी साडेतीनशे किलोच्या आसपास, ती १४ हजार धरा. दूध, दही, अंडी मिळून तीस हजार. गॅसच्या टाक्या, मसाला, शेंगदाणे, चहा धरला की आकडा सव्वा लाखाला टेकतो.

आणि अनुदान? मिशन वात्सल्यमध्ये, म्हणजे केंद्राच्या बाल संरक्षणाच्या योजनेत, एका मुलामागं महिन्याला ३,००० रुपये परिपोषण, म्हणजे सांभाळायचा खर्च. पन्नास पोरांचे दीड लाख. जेवण गेलं, राहिले २५ हजार, म्हणजे एका पोराला ५०० रुपये आणि त्यात कपडे, चपला, साबण, टूथपेस्ट, खोबरेल, वह्या, कटिंग, औषधं, लाइट बिल सगळं आलं. ओढाताण आहे. पण खोटं कशाला बोलू, हेच पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पडले असते ना तर सर आणि मी दोघांनी मिळून हे बालगृह व्यवस्थित चालवून दाखवलं असतं. ३,००० कमीच आहेत हो, वाढवायलाच पाहिजेत, पण माझी तक्रार रकमेवर नंतर आहे, आधी तारखेवर आहे.

कारण पैसे महिन्याला येतच नाहीत. केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०, म्हणजे आधी केंद्राचा हप्ता सुटणार, त्याला मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला पाहिजे, मग राज्य आपला हिस्सा टाकणार, मग पुण्याच्या आयुक्तालयातनं जिल्ह्याला, जिल्ह्यात तपासणीचा अहवाल आणि हजेरी जोडायची, मग बिल ट्रेझरीत, आणि प्रत्येक टप्प्यावर एक टेबल आणि टेबलामागं एक खुर्ची, जी कधी रिकामी असते तर कधी इलेक्शन ड्युटीवर असते. सर दुकानात येतात, उभ्या उभ्या म्हणतात "शेठ, बीम्सवर तरतूद दिसतेय, बिल निघालं की पहिलं तुमचं." बीम्स म्हणजे सरकारची निधीवाटपाची ऑनलाइन सिस्टीम. तिथं तरतूद दिसणं आणि पैसे पडणं यात सहा-सहा महिने जातात. मार्च एंडला एकदम मोठी रक्कम येते, तीही सगळी नाही, आणि एप्रिलपासून परत कोरडं.

माझ्या वहीत हे कसं दिसतं सांगतो. तक्त्याप्रमाणे डाळ १८० किलो लागते, पोरं कमी आहेत हे धरलं तरी १३० तरी पाहिजे. माझ्याकडनं चांगल्या महिन्यात ११० जाते. उधारी चढली की ७०-८० वर येते आणि तुरीच्या जागी मसूर लिहिलेली दिसते. शेंगदाणे सगळ्यात आधी बंद होतात. मग अंडी, ते मला अंडीवाला सांगतो. साखर मात्र कमी होत नाही, कारण चहाला लागते आणि चहा दिला की भूक मरते. हे मला स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलंय, अगदी सहज, भांडी घासता घासता. तपासणीला येणारे साहेब रजिस्टर बघतात, रजिस्टरला वर्षभर तूरडाळच असते. त्यांनी एकदा माझी वही बघायला मागावी, मी देईन.

आणि अजून एक, उधारीवर माल देणारा चढा भाव लावतोच. मी पण लावतो, सगळे लावतात, माझा माल पण मी मार्केट यार्डातनं रोखीनं उचलतो. म्हणजे सरकारनं पैसे उशिरा दिले की त्याचं व्याज मंत्रालयात कुणी भरत नाही, ते आमटीतनं जातं.

एक स्टार इथं कापला. संस्थेचा नाही कापला हा, वरच्यांचा कापलाय, पण रिव्ह्यूला बॉक्स एकच असतो.

पुरवठा खात्याकडनं कल्याणकारी संस्थांना स्वस्तातलं गहू-तांदूळ मिळायची पण सोय आहे, ते आलं तर धान्याचा खर्च एकदम खाली येतो. आमच्याकडं ते येतं तेव्हा येतं. आलं की माझा तांदळाचा धंदा त्या महिन्यात बसतो आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही, कारण त्याच महिन्यात शेंगदाणे परत सुरू होतात.

आता जागेचं. बोर्डावर मान्य संख्या ५०. नियमात पन्नास मुलांच्या जागेचं सगळं माप दिलंय, पंचवीस मुलांची एक झोपायची खोली १,००० चौरस फूट, म्हणजे एका पोराला ४० फूट, अशा दोन खोल्या, स्वयंपाकघर २५० फूट, जेवायचा हॉल ८००, लायब्ररी ५००, आजारी मुलांची खोली वेगळी, बाथरूम ५, संडास ८, बेरीज ८,४९५ चौरस फूट, शिवाय मैदान. आमच्या इथली इमारत म्हणजे जुनं गोडाऊन, वर पत्रे, नंतर संस्थेनं पुढं दोन खोल्या काढल्या. झोपायची जागा मापात बसते. लायब्ररी म्हणजे कपाट. संडास मोजून आठ आहेत पण मार्चनंतर बोअर आटतो, तीनला कुलूप लागतं आणि उरलेल्या पाचावर सकाळी सहा वाजता शाळेच्या आधी जी लाइन लागते ती बघून ठरवा की क्षमता किती. उन्हाळ्यात या बालगृहाची मान्य संख्या टँकरवाला ठरवतो. खरूज दरवर्षी येते, एकाला झाली की सगळ्यांना, आणि ते मलम आमच्या शेजारच्या मेडिकलवाल्याच्या उधारीत असतं.

बरं, आज आत पोरं पन्नास नाहीत, पस्तीस-छत्तीस आहेत. आता कुणी म्हणेल वा, चौदा जागा शिल्लक आहेत की. तिथंच गंमत आहे. अनुदान पोरामागं येतं. चौदा पोरं कमी झाली की महिन्याचे ४२ हजार कमी. जेवणाचा खर्च तेवढा कमी होतो, मान्य, पण मावशी तेवढ्याच लागतात, वॉचमन तेवढाच लागतो, लाइट, पाणी, पत्र्याची डागडुजी काही कमी होत नाही. म्हणजे खाट रिकामी राहिली की संस्थेला तोटा. आणि कायदा काय म्हणतो, तर मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी घर, नातेवाईक, दुसरं कुटुंब हे बघा. कायद्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण मग पैसे द्यायची पद्धत त्याच्या बरोबर उलटी कशी? पोर घरी परत गेलं की संस्थेचं नुकसान, पोर राहिलं की संस्थेचं भागतं. आमचे सर सरळ माणूस आहेत, पोरं घरी पाठवायचा प्रयत्न करतात, पण सगळीकडं सरळ माणूस असेल या भरवशावर योजना चालवायची का? पूर्वी तपासणीच्या दिवशी पट दाखवायला इकडची तिकडची पोरं आणून बसवायचे, हे गावोगावच्या लोकांनी ऐकलेलं आहे, आणि ते का करायचे हे मला तरी गणितात दिसतं.

देशाचा हिशोब पण असाच आहे. केंद्राच्या महिला बालविकास मंत्रालयानं २०१६-१७ मध्ये सगळ्या संस्थांची मोजणी करून घेतली, ९,५८९ संस्था निघाल्या, त्यात पावणेचार लाखांच्या वर पोरं, आणि यातल्या ९१ टक्के संस्था सरकारी नाहीत, एनजीओ चालवतात. तामिळनाडू, महाराष्ट्र, केरळ ही तीन राज्यं सगळ्यात वर. म्हणजे काम संस्थांनी करायचं आणि सरकारनं पैसे द्यायचे, निदान कागदावर तरी. मिशन वात्सल्यचं देशाचं बजेट २०२३-२४ ला १,४७२ कोटी, २०२५-२६ ला १,५०० कोटी, आणि यात नुसती बालगृहं नाहीत, जिल्ह्याचे बाल संरक्षण कक्ष, हेल्पलाइन, घरी राहणाऱ्या मुलांची मदत सगळं आलं. दोन वर्षात वाढले २८ कोटी. मधल्या काळात तूरडाळ दोनशेच्या घरात जाऊन आली होती, एवढंच सांगतो.

आपल्याकडं हे काम काही आजचं नाही. पंढरपूरला प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ सालचा, मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ पासून, किल्लारीच्या भूकंपानंतर नळदुर्गला पन्नालाल सुराणांनी 'आपलं घर' उभं केलं, सासवडजवळ कुंभारवळणला सिंधुताईंचं. मोठं नाव आणि मोठा माणूस मागं असला की देणगीदार आपोआप येतात, ते चांगलंच आहे. पण जिल्ह्यातल्या या अशा बिननावाच्या बालगृहाला ना प्रवचनकार ओळखतो ना पुण्या-मुंबईची कंपनी. सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशासाठी, सरांनी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले, प्रत्येकानं विचारलं प्रोजेक्टचा इम्पॅक्ट काय. सर म्हणाले पोरं जेवतील. त्या फॉर्मला तसा रकानाच नव्हता म्हणे, कॉम्प्युटर लॅब असेल तर सांगा म्हणाले.

स्टाफवर दुसरा स्टार गेला. आदर्श नियमात १०० पोरांमागं काळजीवाहक ४, समुपदेशक २, शिवाय केसवर्कर, नर्स, शिक्षक, स्वयंपाकी असा भला मोठा स्टाफ लिहिलाय. निम्म्या पोरांना निम्मा धरा. आमच्याकडं एकच दादा, दिवसा पण तोच आणि रात्री पण तोच, मान्यतेच्या कागदावर अजून काही नावं असतील, मला दिसलेली नाहीत. समुपदेशक मॅडम आठवड्यातनं एकदा, एसटी चुकली तर नाही. त्या दादाला पगार किती आणि कधी हे मी विचारत नाही कारण त्याच्या घरचं किराणा पण माझ्याकडंच असतं, त्यावरनं अंदाज येतो. पोरांचा त्याच्यावर जीव आहे, कुणाला ताप आला तर हाच मोटारसायकलवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात नेतो आणि तेवढा वेळ उरलेली पस्तीस पोरं मावशींच्या जिवावर. रात्री तर मावशी पण नसतात. एक माणूस, छत्तीस पोरं, सहा वर्षाचं पण तिथंच आणि सतरा वर्षाचं पण तिथंच. मला हे बरोबर वाटत नाही. संस्था म्हणते पगाराला पैसे नाहीत, असतीलही नसतील, पण इथं मी संस्थेची बाजू घेणार नाही, रात्रीचा दुसरा माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातलं पोरींच्या लैंगिक शोषणाचं २०१८ ला जे बाहेर आलं ते आपल्या मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या टीमनं ऑडिट करताना पोरींशी बसून बोलल्यामुळं बाहेर आलं. त्या आधी तपासण्या झाल्याच नव्हत्या असं थोडंच आहे. आमच्याकडं तपासणी येते तेव्हा चुना मारला जातो, चादरी नव्या येतात, साहेब सरांच्या खुर्चीत बसून रजिस्टर बघतात आणि पोरांना रांगेत उभं करून "जेवण चांगलं मिळतं का" विचारतात. सर शेजारी उभे. आता काय सांगेल पोरगं.

आता ज्यांना देणगी नको, मूल ठेवायचंय, त्यांच्यासाठी. माझ्या दुकानात धान्य निवडायला एक मावशी येतात. नवरा गेला, दोन पोरं. त्या थेट बालगृहात गेल्या, दोन्ही ठेवून घ्या म्हणाल्या. सरांनीच त्यांना बसवून सांगितलं की मावशी, आधी बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरा, पोरं तुमच्याजवळच राहतील आणि महिन्याला पैसे मिळतील. (बघा, म्हणून मी सरांना नावं ठेवत नाही.) ही आपल्या राज्याची योजना, आता सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं आहे, एका मुलाला महिन्याला २,२५० रुपये. आधी ४२५ होते, मग कोविडनंतर १,१००, मग २०२३ पासून २,२५०. वाढ चांगली केली, ते कबूल. केंद्राच्या मिशनमध्ये पण घरी राहणाऱ्या मुलासाठी स्पॉन्सरशिप आहे, ४,००० रुपये. आता बघा, बालगृहात ठेवलं तर ३,०००, आणि इमारत, स्टाफ वेगळा, आणि आईजवळ ठेवलं तरी साधारण तेवढ्यातच. कुठल्याही दुकानदाराला विचारा कुठलं परवडतं, आणि पोराला कुठलं आवडतं ते विचारायची पण गरज नाही. पण मावशींचं काय झालं, फॉर्म भरला, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, पोरांसोबत घराचा फोटो, समितीपुढं जायला जिल्ह्याला चकरा, प्रत्येक चकरेला रोज बुडाला, मंजुरी आली. पैसे आले नाहीत. नंतर आले, पण तोपर्यंत शाळा सुरू झाली होती आणि थोरला बालगृहात दाखल झाला होता, धाकटा आईजवळ. सख्खे भाऊ, एकाच गावात, दोन पत्ते. थोरला रविवारी दुकानात येतो, आई निवडत बसलेली असते, तिच्याजवळ पोत्यावर बसतो.

तरी सांगतो, कुणाला गरज असेल तर आधी बालसंगोपनच विचारा, जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, बाल संरक्षण कक्ष तिथंच असतो. एजंटला पैसे देऊ नका, फॉर्म फुकट आहे. आणि एखादं मूल रस्त्यावर, स्टेशनवर एकटं दिसलं, मार खाताना दिसलं तर १०९८ लावा, २४ तास चालू असतो. तो नंबर १९९६ ला मुंबईत सुरू झाला, आता सरकार स्वतः चालवतं आणि ११२ ला जोडलाय.

अठरानंतरचं थोडक्यात, कारण तिथं सांगायला फार काही नाहीच. अठरा पूर्ण झाले की बालगृहातनं बाहेर. कायद्यात २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरच्या सांभाळाची सोय आहे, गरज पडली तर २३ पर्यंत, मिशनमध्ये त्याला पण महिन्याला ४,००० आहेत. पण अनुरक्षण गृह आमच्या जवळपास नाही, लांब जायचं तर पोरं नको म्हणतात. महाराष्ट्रानं २०१८ ला अनाथांना नोकरी-शिक्षणात १ टक्का आरक्षण दिलं, चांगलं केलं, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ज्याची आई आहे त्याला ते नाही, मग ती आई कुठं का असेना. इथनं बाहेर पडलेला एक मुलगा माझ्याकडं काउंटरला आहे. हिशोबाला एकदम पक्का. बालगृहाचा माल काढायचा असला की तोच मापतो आणि मी बघतोय, त्याचं माप जरा झुकतं असतं. मी काही बोलत नाही.

शेवटचं देणगीवाल्यांसाठी, कारण हा रिव्ह्यू वाचणारे बहुतेक तेच असणार.

दिवाळीला येऊ नका. म्हणजे या, पण दिवाळीला सगळेच येतात, लायन्सवाले, बँकवाले, पुढारी, चार दिवसात एवढा फराळ येतो की पोरांची पोटं बिघडतात आणि जानेवारीपर्यंत डब्यात खवट चिवडा. घोंगड्या तर एवढ्या की एका पोराला तीन. जूनमध्ये या. जूनमध्ये मार्च एंडचे पैसे संपलेले असतात, शाळा सुरू होते, वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट, चपला सगळं एकदम लागतं आणि गेटवर कुणी नसतं. जून ते सप्टेंबर हा खरा दुष्काळ. तांदूळ आणू नका, सगळे तांदूळच आणतात, अन्नदान म्हटलं की लोकांना तांदूळच सुचतो. तेलाचा डबा, शेंगदाणे, तूरडाळ, गॅसच्या टाकीचे पैसे, अंडरवेअर-बनियन वेगवेगळ्या मापाची, कपड्याचा साबण, ते खरजेचं मलम, टँकरचे पैसे, हे लागतं. आणि खरंच मोठं काही करायचं असेल तर रात्रीच्या दुसऱ्या माणसाचा वर्षभराचा पगार उचला. त्याचा बोर्ड लावता येणार नाही, भिंतीवर तुमच्या आजोबांचं नाव लागणार नाही, म्हणूनच कुणी उचलत नाही. पैसे द्याल तर चेकनं किंवा ऑनलाइन संस्थेच्या खात्यात द्या, पावती घ्या, ८०जी, म्हणजे देणगीवरची टॅक्सची सूट, आहे का विचारा (नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर ती सूट मिळत नाही, मग नंतर सरांशी भांडू नका). रजिस्ट्रेशनची तारीख विचारली तर चांगली संस्था चिडत नाही, हे सर स्वतः काढून दाखवतात.

आणि फोटो. पोरांचे चेहरे दिसतील असे फोटो, नाव, शाळा, काहीही टाकायचं नाही, कायद्याच्या कलम ७४ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मॅपवर या बालगृहाच्या पेजवर आत्ता जे फोटो आहेत, केक भरवताना, कपाळावर हात ठेवताना, ते टाकणाऱ्यांनी काढून टाका. त्यातल्या एका फोटोवरनं आठवीतल्या एका पोराला शाळेत चिडवलं, तो दोन दिवस शाळेत गेला नाही, स्वयंपाकाच्या मावशी सांगत होत्या. केक पोरांना आवडतो, आणा, कापा, पण मोबाइल खिशात ठेवून.

जायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर, आदल्या दिवशी सरांना फोन करून. अकराला पोरं क्रिकेट खेळतात, खेळाडू कमी असला तर तुम्हाला पण घेतात, आउट मात्र तेच देतात. सामान माझ्याकडनंच घ्या असं नाही, कुठूनही घ्या, पण घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात मावशींना विचारा काय संपलंय. माझ्या दुकानात आलात तर संस्थेच्या खात्यावर जमा करा म्हणा, पावती संस्थेच्या नावानं मिळेल, आणि जुन्या उधारीत वळती करणार नाही, मालच जाईल.